सातवा कागद

मित्रांनो, तुमच्या दप्तरात बोटभर लांबीचा जो स्टेपलर असतो ना, तो माझा धाकटा भाऊ. बिचाऱ्याची धाव कागदाच्या कोपऱ्यापर्यंत. मीही स्टेपलरच, पण लांब हाताचा. पुस्तिका उघडून पालथी घातली की तिच्या बरोब्बर मधोमध, पाठीच्या कण्यावर, पिन मारावी लागते, आणि तिथवर माझ्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही. आता माझा हिरवा रंग उडाला आहे, स्प्रिंग कुरकुरते आणि बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात माझा मुक्काम असतो. आयुष्यात मी पन्नास हजारांच्या वर पिना मारल्या. त्यातल्या दोनशे बासष्ट मला आजही टोचतात. त्यांचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी थोडं मागचं सांगतो.

माझं बालपण सांगण्यासारखं नाही. कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, रंग फासला, स्प्रिंग बसवली, झालो तयार. मग एका स्टेशनरीच्या दुकानात वरच्या फळीवर दीड वर्ष धूळ खात बसलो. गिऱ्हाईक मला हातात घ्यायचं, 'एवढा लांब कशाला?' म्हणायचं आणि परत ठेवून द्यायचं. शेवटी एक टेलर मास्तर आले. त्यांनी मला कात्रीसारखं उघडून मिटून पाहिलं, खिशातून खाकी कागदाचे तुकडे काढले, एकावर एक धरून खटॅक केलं आणि मागची बाजू अंगठ्याने चाचपली. "टाका घट्ट बसतो," ते म्हणाले. शिंप्याच्या तोंडून शाबासकी मिळाली, आता आणखी काय हवं? त्या दिवशी मी फुगलो तो अजून पुरता उतरलेलो नाही.

मास्तर हे निवडुंग मंडळाचे चिटणीस होते. हसू नका. खिडकीत, गच्चीवर, जिन्याच्या कठड्यावर निवडुंग वाढवणाऱ्या लोकांचं ते मंडळ होतं. सभासद एकशे चाळीस, गावोगावी पसरलेले. ज्या झाडाला कुणी जवळ करत नाही, त्याच्या एका फुलासाठी बारा बारा वर्षं वाट बघणारी ही माणसं. त्यांचं एक छापील पत्रक दर दोन महिन्यांनी निघायचं. नाव 'काटा'. संपादक होत्या एक बाई. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळेच त्यांना बाई म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मास्तरसुद्धा.

माझा लांबलचक जबडा पाहून मंडळाने माझं नाव ठेवलं मगर. मी तो आणि नाव ती, पण प्रेमाने ठेवलेल्या नावाशी कोण भांडतं?

'काटा' जोडायचा दिवस म्हणजे आमचा सोहळा असायचा. छापखान्यातून कागदांचे गठ्ठे यायचे. एका अंकाला सहा कागद, मधे दुमडलेले, एकात एक बसणारे. बाईंच्या शाळेतल्या एका वर्गात लांब टेबलावर पाच गठ्ठे ओळीने मांडायचे आणि मंडळी फेर धरून एकेक कागद उचलत चालायची. सहावा, म्हणजे अगदी मधला कागद, टेबलावर कधीच नसायचा. तो असायचा औषधवाले काकांच्या खुर्चीवर. काकांचं औषधांचं दुकान होतं आणि जगाला गुडघ्याचं मलम विकून त्यांचे स्वतःचे गुडघे कामातून गेले होते. फेर धरणं त्यांना जमायचं नाही. म्हणून टेबलाच्या टोकाला त्यांची खुर्ची, मांडीवर मधल्या कागदाचा गठ्ठा. समोरून जाणाऱ्याच्या हातात ते एकेक कागद देत आणि जाता जाता एकेक टोमणाही. मग अंक मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे यायचा. कण्यावर दोन पिना, आणि त्यातल्याच एका पिनेखाली मधोमध बियांची एक छोटीशी पुडी. खसखशीहून बारीक बिया. प्रत्येक सभासदाला दर अंकाबरोबर एक नवं झाड. अंक हातात पडला की लोक आधी मधलं पान उघडायचे, बातम्या नंतर.

सांगायची गोष्ट अशी की इतकी वर्षं पिना मारल्यावर मला जाडी कळायला लागली. सहा कागद आणि पुडी यांना किती जोर लागतो ते माझ्या दाताला पाठ झालं. एखाद्याने चुकून पाचच उचलले तर मला लगेच कळायचं. मी बोलू शकत नसे, पण मास्तरांच्या अंगठ्यालाही ते कळायचं. ते अंक परत पाठवत. आमचं दोघांचं ते गुपित होतं.

पुढे दिवस पालटले. शाळेला तो वर्ग संगणकांसाठी हवा झाला, तेव्हा आमचं बिऱ्हाड बाईंच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आलं. औषधवाले काका एका हिवाळ्यात गेले. मास्तरांचे हात कापायला लागले आणि ते लांब, मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी मला फडक्याने पुसलं, तेलाचा थेंब घातला आणि बाईंच्या हातात दिलं. बाकीचे 'येतो येतो' म्हणायचे आणि यायचे नाहीत. अखेर टेबलाभोवती फेर धरायला एकट्या बाई उरल्या. स्वतःच चालायच्या, स्वतःच उचलायच्या, स्वतःच मला दाबायच्या. एकशे चाळीस फेऱ्या. पण टेबलाच्या टोकाला काकांसाठी खुर्ची मांडायला मात्र त्या विसरल्या नाहीत. मधला गठ्ठा खुर्चीवरच. सवय म्हणा, माया म्हणा.

तेव्हा मंडळाचे नवे अध्यक्ष एक दातांचे डॉक्टर होते. भला माणूस, आणि माझ्या दातांची चौकशी करणारा तो एकटाच. त्यांनी एकदा बाईंच्या घरी सभा बोलावली आणि हळूच विषय काढला. बाई थकल्या आहेत, टपाल वेळेवर पोचत नाही, अंक फोनवर पाठवला तर क्षणात सगळ्यांकडे जातो, शिवाय फोटो रंगीत. हे मलाही मान्य करावं लागलं. आमच्या 'काटा'त लालभडक फूल शाई सांडल्यासारखं दिसायचं. पण ज्यांच्याकडे तसले फोन नव्हते, त्यांचं काय, असं बाईंनी विचारलं. सत्त्याऐंशी नंबरचे सभासद रेल्वेच्या फाटकावर काम करायचे. रुळांच्या कडेने त्यांनी साठ कुंड्या मांडल्या होत्या आणि 'काटा' खिळ्याला अडकवून ठेवायचे. त्यांना बिया फोनमधून कशा पाठवणार?

डॉक्टरांनी तोड काढली. सभासदांनाच विचारू. एकशे चाळीसातल्या पन्नास जणांनी छापील अंक हवा म्हटलं, तर अंक सुरू राहील आणि दर वेळी ते स्वतः येऊन अंक जोडायला बसतील. नाहीतर हा शेवटचा. फोनवरच्या गटात लगेच विचारतो, असंही ते म्हणाले. बाईंना ते पटलं नाही.

"कागद हवा की नको, हे कागदालाच विचारू दे," त्या म्हणाल्या.

बाईंनी खास पिवळ्या कागदावर प्रश्न छापून घेतला. 'काटा तुम्हाला हातात हवा आहे का? हो किंवा नाही यावर खूण करा, सभासद क्रमांक लिहा, चिठ्ठी फाडा आणि महिनाअखेरपर्यंत पाठवा.' खाली घरचा पत्ता. चिठ्ठी फाडताना अंकाचं पान तुटू नये म्हणून हा कागद वेगळा, सातवा, अगदी मधोमध बसणारा. त्याला पानाचा आकडाही दिला नाही. संपादकीयात तर बाईंनी अवाक्षर लिहिलं नाही. जाहीर रडगाणं गायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बिया असतात तिथे पहिला हात जातो, तिथेच विचारू, असा त्यांचा हिशेब. छापखान्याने पिवळ्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्या दिल्या, त्यांच्याच त्यांनी बियांच्या पुड्या केल्या. काही वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. या पुड्यांनी घात केला, पण तो कसा ते पुढे येईल.

जोडणीच्या दिवशी सकाळी बाईंनी टेबल खोलीच्या मधोमध ओढलं. सहा गठ्ठे टेबलावर मांडले आणि पिवळा गठ्ठा काकांच्या खुर्चीवर ठेवला. पहिले नऊ अंक जोडले. प्रत्येकात सात कागद आणि पुडी. माझी स्प्रिंग करकरली, पण मी निभावलं. पत्त्यांच्या चिठ्ठ्या बाई सभासद क्रमांकाप्रमाणे लावत, म्हणून हे नऊ अंक गेले एक ते नऊ नंबरच्या, म्हणजे मंडळातल्या सगळ्यात जुन्या लोकांना.

तेवढ्यात बाईंची मुलगी जेवणाचा डबा घेऊन आली. ती जवळच राहायची, नोकरीतून वेळ काढून यायची. बाई हात धुवायला आत गेल्या. मुलीने पसारा बघितला, आईच्या वाटेत आलेली खुर्ची बघितली. आता आई या खुर्चीला अडखळून पडणार, असं पुटपुटत तिने खुर्ची टेबलाखाली सरकवली, गठ्ठ्यासकट. वर आलेलं टेबलक्लॉथ नीट खाली सोडलं. खुर्ची दिसेनाशी झाली. मुलीचं काही चुकलं नाही, मित्रांनो. आईच्या काळजीपोटीच केलं तिने.

जेवून बाई परत आल्या, सहा कागदांच्या जुन्या सवयीने फेर धरला आणि दहावा अंक माझ्या तोंडात आला. मी दाबला गेलो आणि हबकलो. सहाच कागद! मला वाटलं, बाईंच्या लक्षात येईल. त्यांनी अंक उघडून मधोमध नजर टाकली. तिथे पिवळी पुडी होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांना मधे पिवळं दिसलं की झालं. त्यांनी तो अंक बाजूला ठेवला. अकरावा आला. सहाच. बारावा, तेरावा, सहाच. मास्तरांचा अंगठा असता तर पहिल्याच अंकाला थांबला असता. बाईंच्या बोटांना ती भाषा येत नव्हती.

आयुष्यात मी शेकडो वेळा अडकलो आहे. पिन वाकडी गेली, दोन एकदम आल्या, मधेच रुसलो. अडकलो असतो तर बाईंनी अंक उलगडला असता, कागद मोजले असते. त्या दुपारी मी अडकायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पण अडकणं माझ्या हातात कधी होतं? कागद एक कमी, त्यामुळे पिना लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. एकशे एकतीस अंक, दोनशे बासष्ट पिना, एकही वाकडी नाही. शेवटचा अंक झाला तेव्हा बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"शहाणी गं माझी मगर. आज एकदाही त्रास दिला नाहीस."

इतकी शाबासकी मिळाली आयुष्यात, पण ही एक परत करता आली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुलगी परत आली. अंकांच्या पिशव्या टपालात टाकायला निघण्याआधी मायलेकींनी टेबल भिंतीला लावलं. खुर्ची भिंतीकडच्या बाजूला होती. ती तिथेच कोंडली गेली. बाई एकट्या राहायच्या, समोरच्या एका खुर्चीवर जेवायच्या. पलीकडे वाकून बघायचं त्यांना कारण नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. मला बाईंनी टेबलावरच ठेवलं होतं. रोज पेटीतलं टपाल आणून त्या माझ्या शेजारी बसायच्या. पाचव्या दिवशी पहिली पिवळी चिठ्ठी आली. दोन नंबरची. 'हो', आणि खाली बारीक अक्षरात 'अर्थात'. बाईंचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. मग आणखी एक, मग दोन. महिनाअखेरपर्यंत आठ चिठ्ठ्या. सात 'हो', एक 'नाही', आणि त्या 'नाही'खाली लिहिलेलं, 'डोळे गेले, आता वाचणार कसा?' बस. पुढे पेटीत विजेचं बिल आलं, जाहिराती आल्या, पिवळं काही आलं नाही. तारीख उलटून गेल्यावरही बाई आठवडाभर पेटी उघडत राहिल्या, रोज दोनदा.

डॉक्टर आले. आपलं मत बाईंना ठाऊकच आहे म्हणून स्वतःचा अंक त्यांनी उघडलाही नव्हता. चिठ्ठ्या त्यांनी फार हळुवारपणे चाळल्या. मग नंबर वाचून म्हणाले, "सगळे पहिल्या नवातले आहेत, बाई. जुन्याच लोकांना तेवढा हवाय."

"एकशे चाळीसात सात," बाई म्हणाल्या.

मी त्या दोघांच्या मधे टेबलावर पडलो होतो. एकशे चाळीसात सात नाही हो, नवात सात! बाकीच्यांना प्रश्नच गेला नाही! खाली बघा, तुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर आहे गठ्ठा! पण माझा जबडा दुसऱ्याने दाबल्याशिवाय हलत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. डॉक्टर थोडा वेळ बसले, चहा प्याले आणि गेले. जाताना त्यांचेही डोळे ओले होते, उगाच खोटं का सांगू?

फोनवर सगळ्यांना कळवण्यात आलं की सभासदांचा कौल घेऊन छापील अंक बंद करत आहोत. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ज्याला चिठ्ठी मिळाली नव्हती त्याला वाटलं, आपलीच राहिली असेल, बाकीच्यांनी तर 'नाही' म्हटलंय, आता आपण एकट्याने कशाला नाट लावा? फक्त फाटकावरच्या सत्त्याऐंशी नंबरचं एक पोस्टकार्ड आलं. 'बाई, कौल घेतला असं मुलगा फोनमध्ये वाचून म्हणाला. आम्हाला कुणी विचारलं नाही. असो. बिया उगवल्या.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "विचारलं होतं हो," त्या कार्डाला म्हणाल्या, "मधल्या पानावर." त्यांना वाटलं, फाटकवाले रागावून तसं लिहीत आहेत. हातातोंडाशी आलेला घास तिथेच निसटला. त्यांनी एक उलट पत्र टाकलं असतं तर! पण ज्याला नकार मिळाला असं वाटतं, तो पुन्हा विचारायला जात नाही.

मला खोक्यात घातलं आणि कपाटात ठेवलं. फोनवरचा 'काटा' वर्षभर निघाला, मग कधीतरी थांबला. कुणी थांबवला नाही, आपोआपच. आता तिथे लोक एकमेकांना सकाळच्या शुभेच्छा पाठवतात म्हणे.

चार वर्षांनी बाई मुलीकडे राहायला जाणार म्हणून घर आवरायला काढलं. मला कपाटातून काढून खिडकीत ठेवलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. टेबल न्यायला दोन माणसं आली. त्यांनी ते भिंतीपासून ओढलं आणि मागे खुर्ची दिसली. खुर्चीवर पिवळा गठ्ठा, वर बोटभर धूळ, एक कोपरा झुरळांनी कुरतडलेला. मुलीने धूळ झटकून वरचा कागद आईच्या हातात दिला. बाईंनी तो अख्खा वाचला, कुणा दुसऱ्याचं पत्र असावं तसा. मग माणसांना थांबायला सांगून त्या गठ्ठा मोजायला बसल्या. एकशे एकतीस. पुन्हा मोजला. एकशे एकतीस.

त्या काकांच्या खुर्चीवर टेकल्या.

"नवातल्या सातांनी हो म्हटलं होतं गं," त्या म्हणाल्या.

मुलीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला. "आई, खुर्ची मी सरकवली होती."

"मोजायचं काम माझं होतं," बाई म्हणाल्या, आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या. माणसं टेबल घेऊन गेली तरी दोघी तशाच.

आता करायचं काय? बैल गेला आणि झोपा केला. मास्तर राहिले नव्हते. फाटकवाले निवृत्त होऊन कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना फोन करावा, असं मुलगी म्हणाली. बाईंनी मान हलवली. त्या भल्या माणसाला आता कशाला टोचणी लावायची, म्हणाल्या.

मग त्यांनी फाइलीतून स्वतःचा अंक काढला. बाईंचा सभासद क्रमांक तेवीस, म्हणजे तोही सहाच कागदांचा. चार वर्षांत त्यांनी तो उघडलाही नव्हता. एका पिवळ्या कागदावर त्यांनी पेनाने 'हो'वर खूण केली. चिठ्ठी फाडून पाठवायची तर पत्ता याच घराचा होता, आणि घराची किल्ली उद्या दुसऱ्याकडे जाणार होती. त्यांनी चिठ्ठी फाडली नाही. कागद दुमडून अंकात मधोमध ठेवला आणि खिडकीतून मला उचललं.

मी सगळा जोर एकवटला आणि अडकलो. ज्या दिवशी अडकायला हवं होतं त्या दिवशी वाहत्या पाण्यासारखा चाललो, आणि आज, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पिनेला, गंजून अडकलो! बाई रागावल्या नाहीत. केसातली पिन काढून त्यांनी वाकडी झालेली पिन उपसली आणि दोन्ही तळहात माझ्यावर ठेवून दाबलं. खटॅक. मग दुसरी. खटॅक. सात कागद. माझ्या दाताला बरोबर कळलं.

उरलेला गठ्ठा बाईंनी फेकला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर आता मुलीच्या घरी दूध, साबण, बटाटे अशा याद्या लिहिल्या जातात.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी धूळ पुसा, असं मागणं मी मागत नाही. माझं झालं ते झालं. एवढंच सांगतो, कुणाकडून उत्तर आलं नाही तर 'त्यांना मी नको' असं पटकन ठरवू नका. आधी आपला प्रश्न पोचला का ते बघा. खुर्चीखाली बघा, टेबलामागे बघा, गठ्ठा मोजा. आणि कुणी 'मला विचारलं नाही' असं लिहून पाठवलं, तर त्याचं म्हणणं खरं धरा. 'काटा'च्या त्या शेवटच्या एकशे चाळीस अंकांपैकी आज दहा पूर्ण आहेत. बाकीचे एकशे तीस कुणाच्या कपाटात, कुणाच्या माळ्यावर, कुठे खिळ्याला लटकलेले असतील. कुणाला तरी आपल्याला काही विचारायचं होतं, हे त्या माणसांना अजून ठाऊक नाही.